उजवीकडची जागा

कामठीच्या लष्करी लिलावात
आजोबांनी शेव्हरोलेट घेतली तेव्हा
तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं.
युद्ध संपलं होतं. तंबू, बादल्या, बूट
मणाच्या भावानं निघाले होते, आणि ही
लांब, हिरवी, आठ माणसं नि वर एक खाट मावेल अशी,
दारावर पुसट पांढरा तारा.

फागोजी पराते, राहणार टांडापेठ, धंदा विणकाम,
यांना गाडी चालवता येत नव्हती.
बैल जुंपून आणली.
माग थांबले, गल्ली गोळा झाली.
कोणीतरी माहिती पुरवली :
अमेरिकेत हिच्यातून एकच कुटुंब फिरते म्हणे.
"एकच? मंग बाकीची जागा कायले?"

आमच्याकडे बाकीची जागा कधी उरली नाही.
उमरेड, भिवापूर, पवनी.
जाताना सुताचे गठ्ठे, येताना लुगडी,
लुगड्यांवर काकू, काकूच्या मांडीवर कोणाचं तरी पोर.
भिवापूरला मिरचीची पोती चढली
की नागपूरपर्यंत सगळे शिंकत.

पण डावं स्टिअरिंग.
पुढची बैलगाडी ओलांडायची कशी?
चालवणाऱ्याला दिसे फक्त कडबा
आणि खाली लोंबणारा कंदील.
म्हणून उजवीकडे अंजिरा आत्या, वय वर्षं नऊ.
काम : मान बाहेर काढून रस्ता बघणे.
मोकळा असला की, "ने."
नसला की, "थांब बाबा."
एवढ्यावर एक धंदा आणि अकरा माणसं
चोवीस वर्षं चालली.

आत्याची शाळा सुटली. लग्न ठरलं, मोडलं.
आजोबांच्या जागी बाबा आले.
आत्या तिथंच.
तिचा उजवा गाल डाव्याहून काळा,
फोटोत अजून कळतो.

गाडी मात्र बदलत गेली.
पेट्रोल परवडेना, म्हणून डिझेलचं इंजिन,
कुठल्याशा पिठाच्या गिरणीतून आलेलं.
तळ सडला, सागवानी फळ्या ठोकल्या.
सीटांत काथ्या भरला, वरून मागावरच्याच पट्ट्या.
नाकावरची इंग्रजी अक्षरं एकेक गळाली,
शेवटचं एक आमच्या मांजरीच्या गळ्यात होतं.

मग सत्तर साली, एका दुपारी,
मोमिनपुऱ्यात कय्यूम मिस्त्रीनं
स्टिअरिंग उजवीकडे आणलं.
हात पुसत म्हणाला,
"अब किसी से पूछना नहीं पड़ेगा."

आत्या वळसा घालून डावीकडे बसली.
तिथून दिसे नाली, सायकली, दुकानांच्या पायऱ्या.
पाचगावच्या पुढे बाबांनी कोळशाचा ट्रक गाठला,
रस्ता स्वतःच पाहिला,
आणि सवयीनं विचारलं, "जाऊ?"
"मले काय दिसते इथून," आत्या म्हणाली.
पुढच्या खेपेला ती आली नाही.

भाचा फोनवर दाखवतो :
तिकडे अजून बनते ही गाडी, त्याच नावानं,
घराएवढी झालीय, चारी बाजूंना कॅमेरे,
जवळ काही आलं की टुंटुं वाजते.
आमची मागच्या महिन्यात भंगारात दिली.
फॉर्मवर एक रकाना होता : मूळ भाग.
भावानं लिहिलं, चासी.
मी उजवं दार मागून घेतलं.
त्याच्या काचेखालच्या कडेवर
तीनदा रंग दिला, तीनदा गेला.
हनुवटीएवढाच तुकडा. तिथं धरतच नाही.

काल आत्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.
टॅक्सी, एसी, ती चालवणाऱ्याच्या मागे.
रिंग रोडवर पुढे टँकर आला.
तिनं काच खाली केली,
मोतीबिंदूसकट मान बाहेर काढली,
आणि म्हणाली,
"ने."

पोरानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.
मी काय सांगणार, मला तर
टँकरचं फक्त बूड दिसत होतं.